रोजची भये आणि श्रद्धेच्या सवयी

(देवळाच्या महोत्सवानिमित्त नोव्हेनाच्या पाचव्या संध्याकाळी धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या दिवसांत वक्त्याने कशाविषयी बोलावे हे बहुधा ठरूनच गेलेले असते. देवळाचा पाया केव्हा घातला, घंटा केव्हा चढविली, कोणत्या वडीलधाऱ्यांनी डोक्यावरून दगडमाती वाहिली, या गोष्टींचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे हे आपले कर्तव्यच आहे, आणि नोव्हेनाच्या इतर संध्याकाळी ते यथासांग होत आहे. आज मात्र देवळाच्या भिंतींविषयी न बोलता, त्या भिंतींच्या आत येऊन गुडघे टेकणाऱ्या माणसांच्या मनात जे दडून बसलेले असते, त्याविषयी चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे. ते म्हणजे भय.

भय म्हटले की युद्ध, दुष्काळ, भूकंप यांची चित्रे डोळ्यांपुढे उभी राहतात. परंतु असे प्रसंग क्वचित येतात, आणि आले म्हणजे साधा मनुष्यही पुष्कळदा आश्चर्य वाटावे असे धैर्य दाखवितो. आयुष्य पोखरून टाकणारी भये निराळी. ती लहान असतात आणि रोजची असतात. रात्री दोन वाजता जाग येते आणि मुलाच्या नोकरीचा विचार मनात शिरतो, तो पहाटेपर्यंत बाहेर पडत नाही. दहावीची परीक्षा जवळ आली की मुलीच्या घशाखाली घास उतरत नाही. बँकेचे पाकीट आले की ते न फोडताच कपाटात जाते. छातीत जरा कळ आली की मनुष्य कोणास न सांगता देवापुढे उभा राहतो, परंतु डॉक्टरपुढे उभा राहत नाही. पूर्वी सुनेस सासूचे भय असे, हल्ली सासूसही सुनेचे भय वाटते. आणि या सर्वांच्या वर लोक काय म्हणतील हे भय तर राजासारखे बसलेले असते. घरभेटीस आम्ही जातो तेव्हा यांपैकी एक तरी भय बहुतेक प्रत्येक ओटीवर बसलेले आढळते. घरची माणसे त्याला ओळखतात, परंतु त्याचे नाव घेत नाहीत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. भय ही मुळात वाईट वस्तू नव्हे. संत थॉमस अक्वायनस (1225–1274) यांनी मनाच्या वृत्तींचे विवेचन करताना दाखविले आहे की, येऊ घातलेले आणि सहजी टाळता न येणारे जे संकट, त्याच्या कल्पनेने मनात भय उत्पन्न होते. ही वृत्ती निर्माणकर्त्यानेच आपल्या ठायी ठेविली आहे. विहिरीच्या काठावर मूल वाकले तर आईच्या काळजात चर्र होते, आणि म्हणूनच ती धावते. वाडीच्या राखणीस ठेवलेल्या कुत्र्यासारखे हे भय आहे. चोर आला असता तो भुंकला तर त्याने आपले काम केले. परंतु तोच कुत्रा जर घरधन्यालाच दारात अडवू लागला, धन्याने कोठे जावे व कोठे जाऊ नये हे ठरवू लागला, तर दोष कुत्र्याच्या भुंकण्यात नसून धन्याने धनीपण सोडल्यात आहे. भय सेवक असावे, धनी होऊ नये.

येथे कोणी भाविक विचारील: ज्याची श्रद्धा खरी आहे त्याला भय वाटावेच का? भय वाटते म्हणजे आमची श्रद्धा कच्ची आहे असे नव्हे काय?

या प्रश्नामुळे पुष्कळ सज्जन माणसे विनाकारण दुःखी होतात. एक दुःख भयाचे, आणि त्यावर दुसरे दुःख आपल्याला भय वाटते याचे! त्यांना आमचे उत्तर गेथसेमने बागेत मिळेल. आपला तारक येशू ख्रिस्त त्या रात्री व्याकूळ झाला. सोबत जागे राहा अशी त्याने शिष्यांना विनंती केली. हा प्याला टळावा अशी प्रार्थना त्याने केली, आणि त्याचा घाम रक्ताच्या थेंबांप्रमाणे भूमीवर पडला असे संत लूक सांगतो. ज्याच्या ठायी पापाचा लवलेश नाही त्यानेच हे भय अनुभविले. मग भय वाटणे हे पाप कसे होईल? तारकाने जे केले ते लक्षात ठेवावे: त्याने भय लपविले नाही, ते पित्यापुढे मांडिले, मित्रांना सांगितले, आणि मग उठून पुढे चालू लागला.

संत थॉमस मोर हे इंग्लंडचे मुख्य न्यायमंत्री होते. राजाच्या मनासारखी शपथ घेण्याचे त्यांनी नाकारले म्हणून 1534 साली त्यांना लंडनच्या किल्ल्यात कैद झाली. 6 जुलै 1535 रोजी त्यांचा शिरच्छेद करण्यात आला. त्यांच्या धैर्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे, परंतु आपल्या लेकीस तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे की, आपला स्वभाव दुःखापुढे कचरणारा आहे. त्याच कैदेत त्यांनी गेथसेमनेतील ख्रिस्ताच्या व्यथेवर ग्रंथ लिहिला. त्याचे सार असे की, शूर माणसांना वाट दाखविणारे पुष्कळ आहेत, परंतु भित्र्या मेंढरासाठी मेंढपाळ स्वतः भ्यालेला होऊन पुढे चालला आहे. त्याने आपल्या झग्याचे टोक धरावे म्हणजे झाले. बंधुभगिनींनो, ज्यांचे पाय लटपटतात त्यांच्यासाठी याहून मोठे सांत्वन आम्हांस ठाऊक नाही.

तेव्हा आजच्या भाषणाचे तात्पर्य आम्ही आरंभीच सांगून टाकतो. भय नाहीसे होईल आणि मग आपण कर्तव्य करू, अशी वाट पाहत बसू नये. भय असतानाच कर्तव्याचे एक लहान पाऊल टाकावे. श्रद्धा ते पाऊल टाकण्याचे बळ देते, आणि सवय ते पाऊल सोपे करते. यांपैकी एक असून दुसरे नसेल तर काम अर्धवट राहते.

भयाची रीत अशी आहे की, पळणाऱ्याच्या मागे ते अधिक वेगाने लागते. भयापासून पळणे हे सावकाराचे कर्ज काढण्यासारखे आहे. आजचा दिवस निभावतो, परंतु व्याज चढत जाते, आणि पुढच्या वेळी तेच भय दामदुपटीने वसुलीस येते. आमच्या पाहण्यातील दोन गोष्टी सांगतो. एका गृहस्थाच्या मानेवर गाठ आली. डॉक्टर काहीतरी भयंकर सांगतील म्हणून आठ महिने त्यांनी ती कॉलरखाली झाकली. या आठ महिन्यांत ते नीट जेवले नाहीत की हसले नाहीत. अखेर मुलाने हात धरून नेले. गाठ साधी निघाली आणि एका सकाळीच काम उरकले. दुसऱ्या एका गृहस्थांनीही असेच केले, परंतु त्यांची गाठ साधी नव्हती. थोडे आधी आला असता तर उपाय होता, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांच्या दफनविधीस आम्ही उभे होतो. पहिल्याचे आठ महिने गेले, दुसऱ्याचे सर्वस्व गेले. दोघेही मिस्सा न चुकविणारे भाविक होते. त्यांच्या प्रार्थनेत उणेपणा नव्हता. फक्त प्रार्थना करून उठल्यावर चालायचे जे पाऊल, ते पडले नव्हते.

मानसशास्त्रज्ञांनीही भयाची ही रीत पाहिली आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन विदुषीने 1924 साली एका लहान मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. ते मूल सुमारे तीन वर्षांचे होते आणि सशाला फार भीत असे. तिने त्याला दटाविले नाही, त्याच्या अंगावर ससा टाकला नाही, की ससा घरातून कायमचा घालविलाही नाही. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातील ससा दूर ठेवायचा, पुढे जरा जवळ आणायचा, पुन्हा जरा जवळ. असे करता करता ते मूल सशाला हाताने गोंजारू लागले. आजही भयाने पीडित झालेल्यांना बरे करणारे तज्ज्ञ याच तत्त्वावर चालतात: पळू नये, उडीही घेऊ नये, पायरी पायरीने जवळ जावे.

परंतु ख्रिस्तसभेच्या एका लेकराने हे चारशे वर्षे आधीच अनुभवाने जाणिले होते. संत इग्नाशियस लोयोला 1522 साली मानरेसा गावी असताना, आपल्या पापांची क्षमा झालीच नाही अशा भयाने इतके ग्रासले गेले होते की जीव नकोसा व्हावा. त्यातून तरून निघाल्यावर त्यांनी जे नियम लिहून ठेविले, ते 1548 साली पोप महाराजांनी मान्यता दिलेल्या त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात आहेत. त्यांतील तीन नियम आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. मन काळोखात असताना आधी उजेडात केलेला निश्चय बदलू नये. सैतान हा भेकड असून, आपण पाऊल मागे घेतले की तो शिरजोर होतो आणि पाऊल पुढे टाकले की माघार घेतो. आणि तो गुप्ततेवर जगतो: मनातील शंका शहाण्या धर्मगुरूस वा अनुभवी माणसास सांगितली की त्याचा डाव उघडा पडतो.

आता रोजच्या आचरणात हे कसे आणावे? आम्ही पाच सवयी सुचवितो. त्या फार साध्या आहेत, आणि साध्या आहेत म्हणूनच कोणासही त्या आजपासून लावून घेता येतील.

पहिली सवय: भयाचे नाव घ्यावे. काळोखात दोरीचा साप होतो, दिवा लावला की साप पुन्हा दोरी होतो. मला कसेतरी होते, एवढे म्हणून भागत नाही. मला अमुक तारखेच्या हप्त्याचे भय आहे, मला मुलीच्या लग्नाचे भय आहे, असे स्पष्ट म्हणावे. कागदावर लिहून पाहावे. मग एका तरी विश्वासू माणसास सांगावे. नवऱ्याने बायकोस सांगावे, मुलाने बापास सांगावे. बापांनो, मुलाने सांगितले असता रागावू नका, नाहीतर तो पुन्हा कधी सांगणार नाही! ज्याच्या भयाच्या मुळाशी एखादे पाप आहे त्याने कुमसारास यावे. पुष्कळ माणसांची झोप पापामुळे उडालेली असते, आणि ती औषधाने नव्हे, पापक्षमेनेच परत येते.

दुसरी सवय: शरीराची हेळसांड करू नये. एलिया संदेष्ट्याची कथा तुम्हांस ठाऊक आहे. राणी जिवावर उठली म्हणून तो रानात पळाला आणि एका झुडपाखाली बसून मरण मागू लागला. देवाने त्याला प्रथम उपदेश केला नाही. देवाने त्याला झोप दिली. मग देवदूताने उठवून भाकर आणि पाणी दिले. तो पुन्हा निजला. पुन्हा उठवून पुन्हा भाकर दिली. त्यानंतरच पुढची वाट आणि पुढचे काम. थोर ज्ञानी संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरचे उपाय सांगताना मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीला झोप व स्नान यांना बसविले आहे! तेव्हा रात्री वेळेवर निजावे. निजण्यापूर्वी मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण जगभरची संकटे उशाशी घेऊन निजणाऱ्यास शांत झोप कोठून लागणार? भयाने छाती धडधडू लागली तर सावकाश श्वास घ्यावा आणि त्याहूनही सावकाश सोडावा, आणि त्या श्वासाबरोबर येशूचे पवित्र नाव मनात घ्यावे. शरीर शांत झाले की मनाला प्रार्थना सुचते.

तिसरी सवय: रोज एक लहान पाऊल. पाकीट फोडण्याचे धैर्य नसेल तर आज ते कपाटातून काढून मेजावर ठेवावे, उद्या मुलास सोबत बसवून फोडावे, परवा बँकेत जाऊन साहेबांस विचारावे. ज्यास चारचौघांत बोलण्याचे भय वाटते त्याने प्रथम घरच्या रुझारात एक दशक मोठ्याने सांगावे, मग वाडीच्या क्रुसापाशी, मग एखाद्या रविवारी देवळात पहिले वाचन करावे. मोशेने देवाला सांगितले होते की मी जिभेचा जड आहे. देवाने त्याची जीभ बदलली नाही, त्याच्या जोडीला त्याचा भाऊ अहरोन दिला. कठीण ठिकाणी जाताना जोडीदार घेणे हा भेकडपणा नव्हे, ती देवाचीच योजना आहे.

चौथी सवय: प्रार्थनेस ठरलेली वेळ असावी. संकट आले की प्रार्थना करणे चांगलेच, परंतु ज्याला रोजची सवय नाही त्याला संकटात शब्द सापडत नाहीत. सकाळी उठताच दिवस देवाला अर्पण करावा. आंजेलुसची घंटा झाली की हातातील काम क्षणभर थांबवावे. संध्याकाळी घरच्यांनी एकत्र बसून रुझार करावा. निजताना दिवसाची झडती घ्यावी: आज मी कशास भ्यालो? त्यातले किती खरे झाले? देवाने कोठे हात दिला? महिनाभर ही झडती घेऊन पाहा. ज्यांना भ्यालो त्यांतली किती संकटे आलीच नाहीत, आणि जी आली ती सोसण्यास किती अनपेक्षित मदत मिळाली, हे पाहून तुमचे तुम्हांसच नवल वाटेल. तारकाने आपल्याला रोजची भाकर मागण्यास शिकविले आहे, वर्षभराची नव्हे. कृपाही तशीच रोजची मिळते. उद्याच्या संकटासाठी आज कृपा मिळत नाही, म्हणूनच उद्याचे संकट आज उचलू पाहणाऱ्यास ते जड लागते.

पाचवी सवय: जे आपल्या हातात आहे ते प्रामाणिकपणे करावे आणि उरलेले देवाच्या हाती सोपवावे. आपल्या किनाऱ्यावरचा तांडेल समुद्रावर जाताना काय करतो ते पाहा. तो हवामानाची सूचना ऐकतो, दोर तपासतो, डिझेल व पाणी पाहतो, आणि मग क्रुसाची खूण करून बोट लोटतो. दोर न तपासता नुसती क्रुसाची खूण करणे ही श्रद्धा नव्हे, ती देवाची परीक्षा पाहणे होय. आणि दोर तपासून खूण न करणारा सारा भार आपल्याच खांद्यांवर घेऊन निघतो.

याचे एक मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या मुंबई शहरात घडले आहे. 1896 साली तेथे गाठीच्या तापाची, म्हणजे प्लेगची, भयंकर साथ आली. मांडवी भागातील रोग्यांस पाहून हा प्लेगच आहे असे प्रथम ओळखणारे डॉ. अकासिओ व्हिएगस हे गोव्याचे कॅथॉलिक गृहस्थ होते. त्यांनी निदान तर केलेच, परंतु घाण हटविण्यासाठी व उंदरांच्या नाशासाठीही ते झटले. त्याच वेळी डॉ. हाफकिन यांनी मुंबईतच प्लेगची लस तयार केली, आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली. लोक तर टोचण्यास फार भीत होते. लस तयार करणाऱ्यानेच पहिली सुई स्वतः घेतली तेव्हा भित्र्या लोकांस धीर आला. आणि आपल्या ख्रिस्ती बांधवांनी काय केले? त्या साथीच्या काळात त्यांनी गल्लोगल्ली, गावठाणांच्या नाक्यांवर क्रूस उभारले आणि संध्याकाळी तेथे जमून प्रार्थना केली. वांद्रे, माझगाव, गिरगाव या भागांत त्यांतील कित्येक क्रूस आजही उभे आहेत. क्रूस आणि लस, प्रार्थना आणि झाडू, यांचे भांडण नाही. ज्या देवाने गुडघे टेकण्यास दिले त्यानेच काम करण्यास हात दिले आहेत.

2020 साली कोरोनाच्या साथीत आपण सर्वांनी हाच धडा पुन्हा गिरविला. आपली देवळे बंद झाली, आप्तांचे शेवटचे दर्शनही कित्येकांस घडले नाही. 27 मार्च 2020 रोजी संध्याकाळी, पाऊस पडत असताना, दिवंगत पोप फ्रान्सिस रोममधील संत पेत्राच्या ओस चौकात उभे राहिले. वादळात सापडलेल्या शिष्यांचा आणि तारवाच्या मागच्या बाजूस निजलेल्या प्रभूचा प्रसंग त्यांनी निवेदनास घेतला, आणि पवित्र साक्रामेंताने सर्व जगास आशीर्वाद दिला. त्या दिवसांत ज्यांनी शेजाऱ्याच्या दारात डबा ठेविला, ज्या परिचारिका भीत भीतच कामावर गेल्या, त्यांनी भयावर जय मिळविला असे आम्ही म्हणतो. भय त्यांच्यासोबत चालत होते, परंतु वाट ते ठरवीत नव्हते.

आता एका नाजूक गोष्टीविषयी बोलणे प्राप्त आहे. भयाच्या वेळी आपल्यांतील काही लोक आडवाटेस जातात. मूल रात्री दचकून उठले की दृष्ट लागली असे ठरते, धंदा बसला की कोणी करणी केली असे ठरते, आणि मग भगताकडे, ताईत-दोऱ्याकडे पावले वळतात. बंधुभगिनींनो, हे पहिल्या आज्ञेच्या विरुद्ध आहे, एवढेच आम्ही सांगून थांबत नाही. हे तुमच्या भल्याच्याही विरुद्ध आहे. भगत तुमचे भय घालवीत नाही, तो त्यास एका शेजाऱ्याचे नाव देतो. कालपर्यंत जिच्या घरी साखर मागावयास जात होता ती शेजारीण आज वैरीण होते, आणि भयाबरोबर द्वेषही घरात शिरतो. तशीच दुसरी एक सूचना: पवित्र पदक किंवा जपमाळ गळ्यात घालून, ती ताईतासारखी आपोआप काम करील असे समजू नये. ती आपल्याला प्रार्थनेची आठवण करून देण्यासाठी आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. कित्येकांचे भय हे आजाराच्या कोटीतले असते. कारण नसता अंग थरथरते, घराबाहेर पाऊल पडत नाही, आठवडेच्या आठवडे झोप लागत नाही, जीव नकोसा होतो. अशा माणसास फक्त प्रार्थना वाढव असे सांगणे म्हणजे पाय मोडलेल्यास चालत जा म्हणून सांगणे होय. जसा मधुमेहास डॉक्टर, तसा मनाच्या आजारासही डॉक्टर असतो, आणि त्याच्याकडे जाण्यात श्रद्धेस कमीपणा नाही. सरकारने 10 ऑक्टोबर 2022 पासून 'टेलि-मानस' नावाची दूरध्वनी सेवा चालविली आहे. तिचा क्रमांक 14416 असून तेथे विनामूल्य सल्ला मिळतो. तरुणांनो, तो क्रमांक मोबाईलमध्ये उतरवून ठेवा, स्वतःस नाही तर मित्रास उपयोगी पडेल. आणि धर्मगुरूंच्या घराचे दार रात्री-अपरात्री ठोठावण्यास कोणी संकोच करू नये.

मग भय मुळीच नसावे काय? एक भय असावे. पवित्र आत्म्याची जी सात दाने आपण धर्मशिक्षणात पाठ केली, त्यांत धैर्य आहे आणि देवाचे भयही आहे. हे भय गुलामाने चाबकास भ्यावे तसे नव्हे, तर प्रेमळ बापाचे मन दुखवू नये म्हणून मुलास वाटते तसे. संत फ्रान्सिस द सेल्स पॅरिस येथे शिकत असताना, 1586 सालच्या सुमारास, आपण नरकातच जाणार या भयाने सुमारे सहा आठवडे खंगले होते. अखेर पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्यांनी ठरविले की, पुढे माझे काहीही होवो, या जन्मी तरी मी देवावर प्रेम करीन. त्याच क्षणी ते ओझे उतरले. पुढे तेच बिशप झाले, आणि घाबरलेल्या जिवांस त्यांच्याइतका सौम्य मार्गदर्शक क्वचितच लाभला असेल. स्वतःविषयीचे भय सोडून त्यांनी देवाची प्रीती धरली. मोठी प्रीती आली की लहान भयांस बसावयास जागा उरत नाही.

या महोत्सवात आपण पूर्वजांचे गुण गातो. त्यांस भय नव्हते असे समजू नका. 1739 साली वसईचा किल्ला पडला, परदेशी संन्यासी निघून गेले, भव्य देवळे ओस पडली, आणि आमचे पूर्वज मोजक्या देशी पाद्र्यांच्या आधारावर राहिले. उद्या मुलांचा बाप्तिस्मा कोण करील, मरणाऱ्यास शेवटचे तेल कोण लावील, हे भय त्यांच्याही मनात असलेच पाहिजे. तरीही विश्वास त्यांनी मुलांच्या हाती दिला, म्हणून आज आपण येथे आहोत. फार मागे कशास जा? 11 जुलै 2006 रोजी संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि दोनशेच्या आसपास माणसे मृत्युमुखी पडली. त्याच वाटेने आपल्या गावांचे कितीतरी लोक रोज जातात. दुसऱ्या दिवशी गाड्या पुन्हा भरून धावल्या. कोणी म्हणेल, पोटासाठी जावेच लागते. होय, पोटासाठीच. परंतु लेकरांच्या पोटासाठी भीत भीत उचललेले पाऊल हेही देवाच्या दृष्टीने लहान नाही.

तेव्हा महोत्सवाची भेट म्हणून एवढेच करा. आज घरी गेल्यावर आपल्या एका भयाचे नाव कागदावर लिहा. त्याच्या दिशेने टाकण्याचे सर्वांत लहान पाऊल कोणते ते ठरवा. सोबतीस एक माणूस निवडा. आणि फेस्ताच्या दिवसापूर्वी ते पाऊल टाका. ज्याने दवाखाना टाळला आहे त्याने जावे, ज्याने भावाशी बोलणे टाळले आहे त्याने त्याच्या दारात जावे, जो वर्षानुवर्षे कुमसारास आला नाही त्याने यावे. आम्ही रोज संध्याकाळी पाच वाजल्यापासून देवळात बसलेले असू. फेस्ताच्या मिस्साच्या वेळी अर्पणाच्या टोपलीत तो कागद घडी करून टाका. तो कोणी उघडणार नाही. वेदीपुढे तो जाळला जाईल आणि त्याच्या धुरासोबत आपल्या सर्वांची प्रार्थना वर जाईल.

बंद दारांआड भिऊन बसलेल्या शिष्यांमध्ये जो उठलेला प्रभू येऊन उभा राहिला, आणि ज्याने प्रथम त्यांस शांती दिली व मग बाहेर पाठविले, तो तुमच्या घरांच्या दारांतूनही आत येवो. आपली माता पवित्र मरिया, जिला देवदूताने प्रथम धीर दिला आणि मग निरोप सांगितला, ती तुमच्या लेकरांना आपल्या पदराखाली घेवो. आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचा आशीर्वाद या देवळावर, या वाड्यांवर, समुद्रावर गेलेल्या तुमच्या माणसांवर आणि दूरदेशी असलेल्या मुलामुलींवर सदैव राहो. आमेन.